रॉक मशीन की इंडस क्रीड?

प्रश्न : थोरल्या भावाच्या ट्रंकेत 'रॉक मशीन'ची १९८८ ची कॅसेट सापडली. तो म्हणतो, हाच बँड पुढे 'इंडस क्रीड' झाला. खरं का? चांगलं चाललेलं नाव का बदललं? आणि पुढे त्यांचं काय झालं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाऊ बरोबर सांगतोय. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' सुरू झाला आणि १९९३ मध्ये त्याचाच 'इंडस क्रीड' झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बेसवर मार्क सेल्विन ही मंडळी दोन्ही नावांखाली वाजवत होती. तुम्हाला मिळालेली 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही त्यांची पहिली कॅसेट. ती जपा. का, ते सांगतो.

तेव्हा बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारी मुलं. गिटारचा सोलो (एकट्याने वाजवायचा तुकडा) जितका रेकॉर्डबरहुकूम, तितकी टाळी मोठी. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली. वाद्यं मिळण्याचीही मारामार. बाहेरून आणायचं तर कस्टम ड्युटी ऐकूनच माणूस गप्प बसायचा. माझ्या मित्राकडे कोलकात्याची गिवसन गिटार होती. तिच्या तारा मानेपासून इतक्या वर, की मधे काड्यापेटीतली काडी आडवी सहज सरकायची. बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या) दोन मिनिटं धरला की मनगट भरून यायचं आणि बोटांवर तारेचे वळ उठायचे. तार तुटली की कुणाचा तरी काका आखातातून कधी येतोय याची चौकशी सुरू.

मी गिरगावचा. धोबी तलावला सेंट झेवियर्सच्या शेजारी रंगभवन हे खुलं नाट्यगृह, घरून चालत वीस मिनिटं. वर छप्पर नाही. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक बँडांचं संमेलन भरायला लागलं आणि आम्ही ओल्या चपलांनी तिथे जाऊन उभे राहायचो. लोक ओरडून फर्माइशी करायचे त्या सगळ्या परदेशी गाण्यांच्या. मीही ओरडलोय. अशा गर्दीपुढे 'हे आमचं गाणं' म्हणून सुरू करायला छाती लागते. रॉक मशीनने ते एकदा नाही, वर्षानुवर्षं केलं. मग एका संध्याकाळी त्यांचं 'टॉप ऑफ द रॉक' सुरू झालं आणि माझ्या आजूबाजूची पोरं शब्दन्‌शब्द म्हणत होती. इथल्याच मुलांनी लिहिलेलं गाणं! मला तेव्हा भरून आलं होतं, आजही सांगताना येतं. माझ्या लेखी या बँडचा खरा इतिहास तो आहे, पुरस्कार नंतरचे.

१९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' ही दुसरी कॅसेट आली. पुढे चालींत आणि वाद्यांत इथला सूर मिसळायला लागला, त्याला 'रॉक मशीन' हे नाव तोकडं पडत होतं. जमलेलं नाव सोडणं धोक्याचं, पण मला ते पटलं. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला आणि १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम निघाला.

१९९७ मध्ये बँड थांबला. हिंदी पॉपची लाट आली होती, इंग्रजीत गाणाऱ्यांना जागाच उरली नाही असं मला वाटतं. उदय न्यूयॉर्कला गेला. २०१० मध्ये उदय, महेश आणि झुबिन परत एकत्र आले, बेस आणि ड्रम्सवर नवी मुलं घेतली, आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व' काढला. जुनीच गाणी घोळवत बसले असते तरी गर्दी झाली असती. त्यांनी पुन्हा नवी लिहिली.

प्रश्न : रंगभवनात आता कार्यक्रम का होत नाहीत?

उत्तर : शेजारी कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि रंगभवन मुकं झालं. रुग्णांची बाजू मला मान्य आहे. पण त्या बदल्यात शहराच्या मध्यावर, लोकलने येता येईल अशी दुसरी उघडी जागा पोरांना मिळायला हवी होती.

आणि हो, ती कॅसेट लगेच लावू नका. पेन्सिलीने आधी चार फेरे हलकेच फिरवून घ्या. मधला, फीत दाबून धरणारा फेल्टचा तुकडा निघाला असेल तर तो बसवून घ्या. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. त्यानंतर भावाला शेजारी बसवून पहिली बाजू लावा.