दहाने हरत असताना टाइमआउट कशाला?
वाचकांचे प्रश्न : युरोपातलं महिला क्लब बास्केटबॉल

प्रश्न : युरोलीग विमेनच्या (युरोपातल्या क्लबांची अव्वल महिला स्पर्धा) साखळी सामन्यात आठ सेकंद उरली होती आणि पाहुणा संघ दहा गुणांनी मागे होता. तरी त्यांच्या कोचने टाइमआउट घेतला. हा निव्वळ रडीचा डाव नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अजिबात नाही. तो कोच गुणतक्ता पाठ करून आला होता, एवढाच त्याचा अर्थ.

साखळीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा गाठ पडते, एकदा घरच्या कोर्टवर आणि एकदा त्यांच्या. जिंकलं तर गुणतक्त्यात 2 गुण, हरलं तर 1, खेळायलाच उतरलं नाही तर 0. शेवटी दोन संघांचे गुण सारखे झाले की आधी बघतात ते त्या दोघांमधले सामने. दोघांनी एकेक जिंकला असेल तर त्या दोन सामन्यांतला गुणफरक. अख्ख्या साखळीतला गुणफरक त्याच्याही नंतर येतो.

समजा, या पाहुण्या संघाने घरचा सामना 78-66 असा, म्हणजे 12 ने जिंकलाय. परतीच्या सामन्यात 11 ने हरले तरी गुण सारखे झाल्यास तेच वर. 13 ने हरले की खाली. बरोबर 12 ने हरले तर दोघांमधलं सगळंच समसमान होतं आणि मग साखळीतला एकूण गुणफरक काढतात. दहाने मागे असताना एक थ्री-पॉइंटर बसला की 13 झाले! सामना केव्हाच हातातून गेलेला असतो, पण क्रमांक अजून जायचा असतो. तो वाचवायचा डाव ठरवायलाच टाइमआउट.

टाइमआउटचा दुसरा फायदा जागेचा. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत, कोर्टाच्या आपल्या मागच्या अर्ध्यातून चेंडू आत टाकायचा असताना टाइमआउट घेतला, तर कोचला तो पुढच्या अर्ध्यातून टाकून घेता येतो. समोरच्यांच्या प्रेसमधून, म्हणजे कोर्टभर अंगावर येणाऱ्या बचावातून, वाट काढत यायला नको आणि बास्केटजवळ चेंडू गमावून फुकटचे दोन गुण द्यायला नकोत. फक्त तोपर्यंत टाइमआउट शिल्लक हवा. दुसऱ्या हाफमध्ये तीनच मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त दोन या शेवटच्या दोन मिनिटांत वापरता येतात.

काहींना इथे आणखी एक युक्ती सुचते. सहाने जिंकायची गरज आहे आणि दोननेच पुढे आहोत, तर आपल्याच बास्केटमध्ये चेंडू टाकायचा, बरोबरी करायची आणि जादा वेळ मिळवायचा. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी ती वाट बंद केलीय. मुद्दाम स्वतःच्या बास्केटमध्ये मारलेल्या चेंडूचे गुण धरले जात नाहीत, वर चेंडूही समोरच्यांना जातो.

युरोलीग विमेनमध्ये 2023-24 पर्यंत गटात आठ संघ आणि प्रत्येकी 14 सामने असायचे. 2024-25 पासून पहिल्या फेरीत चार-चार संघांचे गट झाले, म्हणजे सामने फक्त सहा. आमच्या मते यामुळे एकेका गुणाची किंमत वाढलीय. असे टाइमआउट आता जास्त दिसतील.

प्रश्न : तीन संघांचे गुण सारखे झाले तर? (कोल्हापूर)

उत्तर : त्या तिघांच्या आपसातल्या सामन्यांचाच छोटा तक्ता मांडतात. एखाद्याचं स्थान ठरलं की तो बाजूला, आणि उरलेल्या दोघांसाठी हिशेब पुन्हा पहिल्यापासून. मधूनच पुढे चालू ठेवत नाहीत, आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो.

प्रश्न : युरोकपच्या (युरोलीगच्या खालोखालची स्पर्धा) बाद फेरीतला सामना बरोबरीत सुटला आणि खेळाडू सरळ हात मिळवून निघून गेल्या. बास्केटबॉलमध्ये बरोबरी कशी? (नाशिक)

उत्तर : युरोकप विमेनच्या बाद फेरीत दोन सामन्यांची बेरीज धरतात. चाळीस मिनिटांचे दोन खेळ म्हणजे ऐंशी मिनिटांचा एकच सामना समजा. म्हणून पहिला बरोबरीत सुटला तर तसाच राहतो. दुसऱ्यानंतर बेरीज सारखी आली, तरच पाच मिनिटांचा जादा वेळ. 2024 मध्ये लंडन लायन्सनी बेशिक्ताशला हरवून युरोपीय करंडक जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब होण्याचा मान मिळवला, तोही अशाच दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत.

प्रश्न : डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग) नियमामुळे अमेरिकी खेळाडू युरोलीग अर्धवट सोडतात, हे खरं का? (ठाणे)

उत्तर : युरोलीग नव्हे. ती एप्रिलमध्ये संपते. अडचण होते ती तुर्किये, इटली, फ्रान्सच्या देशांतर्गत प्लेऑफची, कारण ते मे महिन्यात घुसतात. डब्ल्यूएनबीएच्या 2020 च्या करारानुसार 2023 मध्ये सराव शिबिराला उशिरा येणाऱ्यांना दंड होता. 2024 पासून शिबिराची सुरुवात किंवा 1 मे, यातलं जे नंतर येईल तोवर न आल्यास त्या करारात पूर्ण मोसम बाहेर राहावं लागत होतं. दोन वर्षांपर्यंतच अनुभव असलेल्यांना सूट होती. त्यामुळे क्लब सही करतानाच जाण्याची तारीख ठरवून घेत.

प्रश्न : मुलगी 16 वर्षांची आहे, राज्य पातळीवर खेळते. युरोपातल्या क्लबकडून बोलावणं आलं तर काय बघावं? (पुणे)

उत्तर : आधी वय. 18 पूर्ण होईपर्यंत फिबा परदेशी बदली देत नाही. अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ आईवडीलच नोकरीसाठी तिकडे गेले असतील तर. "खेळू दे, कागद नंतर बघू" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. एजंटाकडे फिबाचा परवाना आहे का, तेही तपासा.

अठरानंतर भारतीय बास्केटबॉल महासंघाचं ना-हरकत पत्र लागतं. ते नाकारायला एकच कारण चालतं : खेळाडू आधीच्या क्लबशी अजून कराराने बांधलेली असणं. म्हणून इथल्या करारावर शेवटची तारीख स्पष्ट लिहून घ्या.

नव्या करारात जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाचं, म्हणजे 'बॅट'चं कलम आहे का बघा. पगार थकला तर दाद तिथे मागता येते, आणि निकाल न पाळणाऱ्या क्लबला फिबा नवे खेळाडू नोंदवू देत नाही. कलमच नसेल तर त्या देशातल्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. शिवाय अर्ज करताना भरलेलं शुल्क परत मिळत नाही, तेव्हा किरकोळ रकमेसाठी ही वाट परवडत नाही.