दोन दिवसांपासून वडिलांची एक पापणी उतरली आहे आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी दिसते. शुगरमुळे असेल का? थांबून बघावं का?

थांबू नका. दोनच दिवसांपासून आहे म्हणताय, तर आत्ताच इमर्जन्सीला न्या. कारण वाटेत वाचा.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन लोकांच्या बाहुल्या बघणं हे माझं रोजचं काम. पापणी उतरलेला पेशंट आला की मी आधी बाहुली बघते, पापणी नंतर.

पापणी उचलणारा मुख्य स्नायू आणि बाहुली बारीक करणारा स्नायू, दोन्ही चालतात मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेवर. बाहुलीचे तंतू या नसेच्या बाहेरच्या अंगाला असतात. त्यामुळे शेजारच्या धमनीला फुगा (अ‍ॅन्युरिझम) येऊन नस दाबली गेली, तर बहुतेक वेळा तेच आधी चेपतात आणि बाहुली मोठी होते. हा फुगा फुटला तर मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून लगेच अँजिओग्राफीसह स्कॅन करतात. शुगरमध्ये नसेचा आतला रक्तपुरवठा बिघडतो, बाहुली बहुधा शाबूत राहते. म्हणून तुमच्या वडिलांचं शुगरवर ढकलू नका.

पापणी जेमतेम १-२ मिलिमीटर उतरली आणि बाहुली उलट लहान झाली, तर तो हॉर्नर सिंड्रोम. दिवा बंद केला की चांगली बाहुली पटकन पसरते, दुसरी रेंगाळत मागून येते. यात बिघडते ती वेगळी नस, बाहुली मोठी करणारी; ती छातीपर्यंत उतरून मानेतून परत वर जाते, त्यामुळे बिघाड फुप्फुसाच्या टोकाशीही सापडतो. सोबत मान दुखत असेल तर मानेतली धमनी आतून फाटल्याची शंका येते, तीही इमर्जन्सीच.

बाहुली अगदी नॉर्मल, पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरलेली, असं असेल तर मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आठवतो. एका आजोबांच्या पापणीवर ग्लोव्हमध्ये बर्फ भरून २ मिनिटं धरला. काढला तर पापणी वर! "मग रोज बर्फच लावू का?" म्हणाले. नाही आजोबा, ती फक्त तपासणी.

जाताना वडिलांचे जुने क्लोज-अप फोटो सोबत असू द्या. साधारण २० टक्के लोकांच्या बाहुल्या मुळातच किंचित लहानमोठ्या असतात, फोटोवरून डॉक्टरांना ते कळतं. डोळ्यात हल्ली कुठले थेंब घातले असतील तर तेही सांगा. फोटो मात्र गाडीत बसल्यावर शोधा.