भुशाचं काय करू? : लाकूडकामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी साताऱ्यात करंज्यात राहतो. निवृत्तीनंतर लाकूडकामाला लागलो. घरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), रंधा मशीन आणि लाकूड घासायचा सँडर आहे. घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावला तर पाच मिनिटांत त्याची ओढ जाते. दुकानदार म्हणतो, कापडी पिशवीचा २ एचपीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढून पिशवीत भरणारा मोठा पंखा, घ्या. घ्यावा का? पाईप ४ इंची टाकू की ६ इंची? सूनबाईंचं म्हणणं, नातवाचा खोकला माझ्या भुशामुळेच आहे.

उत्तर : खोकला डॉक्टरांना दाखवा, कशानं आहे ते तेच सांगतील. पण सूनबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. आज रात्री एक करून बघा. मास्क बांधून पाच मिनिटं सँडर चालवा, बंद करा, दिवा मालवा आणि बॅटरीचा झोत खोलीत आडवा टाका. झोतात जे तरंगताना दिसेल ते तासाभरानं पुन्हा जाऊन बघा. बरंचसं तिथंच असेल.

मी कुपवाडला एका फौंड्रीत ३१ वर्षं पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करायचो. सागाचे पॅटर्न घासून घासून गुळगुळीत करायचे, हेच आमचं काम. आमचे मिस्त्री संध्याकाळी नाक शिंकरायचे तेव्हा रुमालावर सागाचा रंग उतरायचा. तोंडाला पंचा गुंडाळला की झालं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. शिसव घासली की माझ्या मनगटावर पुरळ उठायचं, नाक चोंदायचं. मी त्याला कित्येक वर्षं सर्दी म्हणत राहिलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली होती. धोका मुख्यतः नाकाच्या आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आता यंत्राकडे. व्हॅक्यूम क्लीनर आणि डस्ट कलेक्टर ही दोन वेगळी अवजारं आहेत. बोअरच्या एक इंची पाईपला जोर असतो, पण उसाचं रान भिजतं ते पाटाच्या पाण्यानं. व्हॅक्यूमला जोर असतो, हवा थोडी. कलेक्टरला जोर कमी, हवा भरपूर. टेबल सॉ किंवा रंध्याला मिनिटाला ३५० ते ४०० घनफूट हवा लागते. साधा व्हॅक्यूम शंभरेकच देतो. म्हणून सॉ आणि रंध्याला कलेक्टर, तर सँडरच्या बारक्या तोंडाला व्हॅक्यूम. उलटं करू नका. कलेक्टरला दीड इंची नळी जोडली की त्याचा श्वासच कोंडतो.

पाईप ४ इंचीच ठेवा. भुसा पाईपमध्ये न बसता वाहत राहायचा तर हवेचा वेग मिनिटाला ४,००० फुटांच्या आसपास लागतो, आणि ३५० घनफूट हवा ४ इंची पाईपमधून बरोबर तेवढ्या वेगानं जाते. ६ इंची पाईपचं तोंड सव्वादोन पट मोठं, त्यामुळं तीच हवा निम्म्याहून कमी वेगानं जाईल आणि आडव्या पाईपमध्ये भुशाचा थर बसेल. मोठ्या पाईपला मोठा पंखा लागतो.

मी शेतीचा ११० मिमीचा पीव्हीसी पाईप वापरला आहे. हलका मिळतो तोच घ्या. फाटा जोडायला काटकोनी टी नको, तिरकी वाय घ्या. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड. सांडपाण्याच्या फिटिंगमध्ये दारवालं बेंड मिळतं, ते एक तरी बसवाच. माझ्याकडे रंध्याची लांब ढलपी एकदा बेंडात आडवी अडकली, तिच्यामागं सगळं तुंबलं आणि मला पंधरा फूट पाईप उतरवावा लागला. वळ्यावळ्यांची लवचीक नळी शेवटच्या दोन-तीन फुटांपुरतीच, कारण गुळगुळीत पाईपपेक्षा ती हवेला कितीतरी जास्त अडवते. ज्या मशीनवर काम नाही तिचं तोंड बंद राहील अशी सरकती झडप प्रत्येक फाट्यावर हवी. प्लायच्या दोन तुकड्यांत पत्रा सरकवून ती घरी होते.

कापडी पिशवीबद्दल मात्र मी दुकानदाराशी सहमत नाही. ती साधारण ३० मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे ढलप्या आणि जाड भुसा अडतो, आणि छातीत उतरणारी १० मायक्रॉनच्या आतली धूळ कापडातून निसटून तुमच्या तोंडासमोर परत येते. खोली स्वच्छ दिसते आणि हवा आधीपेक्षा वाईट होते. तेव्हा कलेक्टर घ्या, पण भिंतीबाहेर छपराखाली ठेवा. तुमच्या खोलीत साधारण १,२०० घनफूट हवा आहे, ती तीनेक मिनिटांत बाहेर जाईल. तेवढी आत यायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता घुमत राहील. साताऱ्याचा पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून कलेक्टर पूर्वेच्या अंगाला ठेवा. त्या बाजूला शेजाऱ्यांची वाळवणं असतील तर आधी त्यांच्याशी बोला. पंख्याच्या आधी भुसा पडायला पिंप लावणार असाल तर लोखंडी लावा. निळं प्लॅस्टिकचं पिंप पाईप तुंबला की आत चेपतं.

पैसे एकदम नसतील तर सुरुवात सँडरपासून करा. सगळ्यांत बारीक धूळ तोच करतो. व्हॅक्यूमच्या आधी झाकणाची बादली आणि त्यावर छोटं सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली बादलीत पाडणारं नरसाळं) बसवलं की ओढ जायची तुमची तक्रारही बरीचशी मिटेल. टेबल सॉची खालची बाजू प्लायनं बंद करा, नाहीतर कलेक्टर इकडची तिकडची हवा ओढत बसतो.

मास्क एन ९५, चेहऱ्याला घट्ट बसणारा. सँडर बंद केल्यावर लगेच काढू नका. झाडू मारू नका, व्हॅक्यूमनं ओढा. आणि कामाचा शर्ट खोलीतच बदला. आजोबा आले की नातू आधी शर्टालाच बिलगतो.

प्रश्न : मिरजेत तंबोरे-सतारींचं काम करतो. मशीन नाही, सगळं हातानं. भोपळा आणि तुणीचं लाकूड घासताना धूळ उडते. एवढ्यासाठी कलेक्टर लागेल का?

उत्तर : नाही. भोक पाडलेल्या प्लायचं झाकण असलेली चौकोनी पेटी करा, खालून व्हॅक्यूम किंवा ब्लोअर लावा आणि त्यावर घासा. धूळ वर यायच्या आत खाली जाते. भोपळा गोल असल्यानं पेटीला तिन्ही बाजूंनी वीतभर उंच कडा करा. पेटी होईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसा, पंखा पाठीमागून खिडकीकडे सोडा. सुकलेला भोपळा चिरून आतला गर आणि बिया काढताना मास्क हवाच. आत बुरशी असते, तिची धूळ लाकडापेक्षा त्रासदायक.

प्रश्न : एमडीएफचा भुसा गोठ्यात टाकला तर चालेल का? (तासगाव)

उत्तर : नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकानं दाबून केलेली फळी, आणि तो डिंक फॉर्मल्डिहाइडचा असतो. गोठ्यात नको, खतात नको, चुलीत तर नकोच. साध्या लाकडाचा भुसा वेगळ्या पोत्यात भरत चला. आणि पटाशीला धार लावायचा ग्राइंडर कलेक्टरच्या पाईपला कधीही जोडू नका. एक ठिणगी पिशवीत गेली तर भुसा तासन्‌तास आतल्या आत धुमसतो आणि तुम्ही कुलूप लावून जेवायला गेल्यावर पेट घेतो.