वाचकांचे प्रश्न : मोसमाची शेवटची शर्यत आणि टायरचा हिशेब

फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मोसमाच्या अखेरच्या शर्यतीत ठरलं, असं अनेकदा झालं आहे. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न यावेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख २०२१ च्या अबू धाबीवर आहे, जिथे शेवटच्या फेरीत वेरस्टॅपननं हॅमिल्टनला मागे टाकून जेतेपद मिळवलं, पण २००८ आणि २०१० च्या शर्यतींची धुसफूसही अजून शमलेली दिसत नाही. बारकाईनं पाहिलं तर तिन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच होता : नवे टायर घ्यायला पिटमध्ये यायचं, की ट्रॅकवरची जागा धरून बाहेर राहायचं?

२०२१ मध्ये हॅमिल्टन आणि वेरस्टॅपन दोघेही ३६९.५ गुणांवर होते. हा अर्धा गुण आला कुठून? आणि दोघेही पहिल्याच वळणावर बाद झाले असते तर? (नाशिक)

अर्धा गुण बेल्जियमचा. २९ ऑगस्ट २०२१ ला स्पा इथे इतका पाऊस होता, की सेफ्टी कारच्या (धोक्याच्या वेळी सगळ्यांना हळू चालायला लावणाऱ्या गाडीच्या) मागे मोजक्या फेऱ्या मारून शर्यत गुंडाळली आणि अर्धे गुण दिले. वेरस्टॅपनला २५ ऐवजी १२.५ मिळाले, तिसऱ्या आलेल्या हॅमिल्टनला १५ ऐवजी ७.५. म्हणून दोघांच्याही मागे ते शेपूट लागलं.

दोघे बाद झाले असते तर वेरस्टॅपन विजेता. गुण समान असले की आधी जिंकलेल्या शर्यती मोजतात, तिथेही बरोबरी असेल तर दुसरे क्रमांक, मग तिसरे, असं खाली खाली जातात. वेरस्टॅपनच्या नावावर तेव्हा ९ विजय होते, हॅमिल्टनच्या ८. हा फरक सगळ्यांना ठाऊक होता, म्हणूनच शर्यतीआधीच्या सूचनापत्रात रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी अखिलाडू वागणुकीबद्दल गुण कापता येतात, याची मुद्दाम आठवण दिली होती. २००७ मध्ये हॅमिल्टन आणि अलोन्सो १०९ गुणांवर अडकले, विजयही दोघांचे चार-चार. दुसरे क्रमांक मात्र हॅमिल्टनचे पाच आणि अलोन्सोचे चार. पण हे भांडण उपविजेतेपदापुरतंच होतं, कारण रायकोनेन ११० गुण घेऊन आधीच पुढे निघून गेला होता.

अर्ध्या गुणांचा सगळ्यात मोठा फटका १९८४ मध्ये अलेन प्रॉस्टला बसला. पावसामुळे मोनॅको अर्ध्यावर थांबली आणि विजेता म्हणून त्याला ९ ऐवजी ४.५ गुण मिळाले. मोसमाअखेर निकी लाउडा ७२, प्रॉस्ट ७१.५. गंमत अशी, की शर्यत पूर्ण झाली असती आणि मागून झपाट्यानं येणाऱ्या सेन्नानं प्रॉस्टला मागे टाकलं असतं, तरी दुसऱ्या क्रमांकाचे पूर्ण ६ गुण प्रॉस्टला जगज्जेता करून गेले असते.

शेवटच्या सेफ्टी कारच्या वेळी मर्सिडीजनं हॅमिल्टनला आत का बोलावलं नाही? ही तर उघड चूक वाटते. (पुणे)

आमच्या मते ती चूक नव्हती. त्या क्षणी त्यांच्या हातात काय होतं, ते बघा.

५८ फेऱ्यांची शर्यत. ५३ व्या फेरीत निकोलस लतिफीची विल्यम्स १४ व्या वळणावर भिंतीला धडकली. हॅमिल्टन साधारण ११ सेकंदांनी पुढे होता, पण १४ व्या फेरीत चढवलेल्या हार्ड (कडक रबराच्या) टायरवर. वेरस्टॅपन मधल्या व्हर्च्युअल सेफ्टी कारच्या (गाडी न आणता सगळ्यांना वेग कमी करायला लावतात, त्या) वेळी आणखी एकदा आत जाऊन आला होता, त्यामुळे त्याचे हार्ड टायर बरेच नवे होते.

सेफ्टी कार असताना पिटस्टॉप स्वस्त पडतो, कारण बाकीचेही हळू चालत असतात. पण तो फुकट नसतो, आणि ११ सेकंदांत तर नक्कीच बसत नाही. हॅमिल्टन आत गेला असता तर रेड बुलनं वेरस्टॅपनला बाहेरच ठेवलं असतं आणि पुढे तो असता. मग उरलेल्या फेऱ्या सेफ्टी कारमागेच संपल्या, तर मर्सिडीजनं आपल्या हातानं जेतेपद देऊन टाकल्यासारखं झालं असतं. उलट वेरस्टॅपनच्या मागे मोठं अंतर मोकळं होतं. त्यानं आत जाऊन सॉफ्ट (मऊ) टायर घेतले तरी दुसरी जागा सुटणार नव्हती. म्हणजे पुढच्याला जो डाव खेळायचा, त्याच्या नेमका उलटा डाव मागच्याला फुकटात खेळता येत होता. शिवाय दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या : नॉरिस, अलोन्सो, ओकॉन, लेक्लेर आणि व्हेटेल. त्या तिथेच राहिल्या असत्या तर एका फेरीत पाचही गाड्या ओलांडून हॅमिल्टनला गाठणं जवळजवळ अशक्य होतं.

त्या गाड्या हटवल्या गेल्या आणि गणित फिरलं. हार्ड रबर उशिरा तापतं. सेफ्टी कारमागे ते थंड पडतं आणि चाळीसहून अधिक फेऱ्या झालेल्या टायरवर पुन्हा उष्णता धरण्याइतकं रबरही उरलेलं नसतं. सॉफ्ट मात्र पहिल्याच वळणापासून पकड देतं. वेरस्टॅपननं ५८ व्या फेरीत पाचव्या वळणावर आत शिरून जागा घेतली.

मग नियम नेमका कुठे मोडला? आणि निकाल का बदलला नाही? (सोलापूर)

क्रीडा नियमावलीतलं कलम ४८.१२. मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जायची परवानगी दिली, तर शेवटची अशी गाडी पुढे गेल्यावर सेफ्टी कारनं त्याच्या पुढच्या फेरीच्या अखेरीस आत जायचं. त्या दिवशी मागे पडलेल्या गाड्या आठ होत्या. मासींनी आधी सांगितलं, कुणालाच परवानगी नाही. मग फक्त मधल्या पाच जणांना दिली, रिकार्डो, स्ट्रोल आणि मिक शूमाखर जिथल्या तिथे. आणि सेफ्टी कार आणखी एक फेरी न थांबता त्याच फेरीत आत घेतली. कलम अक्षरशः पाळलं असतं तर शर्यत सेफ्टी कारमागेच संपली असती.

स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, आधार घेतला कलम १५.३ चा. त्यात सेफ्टी कारच्या वापराबाबत रेस डायरेक्टरला सर्वाधिकार आहेत. त्याच रात्री मर्सिडीजच्या दोन्ही तक्रारी फेटाळल्या गेल्या. त्यांनी अपिलाची सूचना दिली, पण १६ डिसेंबरला ती मागे घेतली. मार्च २०२२ च्या अहवालात एफआयए या जागतिक नियामक संघटनेनं मानवी चूक झाल्याचं मान्य केलं, निकाल मात्र कायम ठेवला. मासी यांना त्याआधीच पदावरून दूर केलं होतं. पुढे जाऊ द्यायचं तर मागे पडलेल्या सगळ्याच गाड्यांना, हे आता नियमात निःसंदिग्धपणे लिहिलेलं आहे.

आमचं मत विचाराल तर लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली असती तर दोघांनाही टायर बदलता आले असते आणि वाद उरला नसता. तो अधिकार मासींकडे होता.

२००८ मध्ये टिमो ग्लॉकनं हॅमिल्टनला जाणूनबुजून पुढे जाऊ दिलं का? (सांगली)

नाही.

२ नोव्हेंबर २००८, इंटरलागोस, ७१ फेऱ्या. हॅमिल्टन ९४ गुणांवर, फेलिपे मासा ८७. तेव्हा गुण १०-८-६-५-४-३-२-१ असे मिळत. मासानं शर्यत जिंकली, म्हणजे ९७. हॅमिल्टन पाचवा आला तर ९८. सहावा आला तर ९७ ची बरोबरी, आणि सहा विजयांमुळे मासा विजेता, कारण हॅमिल्टनचे विजय पाचच.

शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस आला. पुढच्या गाड्या इंटरमीजिएट (ओलसर रस्त्याचे) टायर घ्यायला आत गेल्या. टोयोटानं ग्लॉक आणि ट्रुली दोघांनाही कोरड्या टायरवर बाहेर ठेवलं, म्हणून तर ग्लॉक चौथ्या जागेवर पोचला होता. आत गेला असता तर तो हॅमिल्टनच्या वाटेत आलाच नसता. त्या काळी कोरड्या टायरवरही चार खाचा असत, पण त्या पकड कमी करून वेगाला आळा घालायला होत्या, पाणी बाहेर फेकायला नव्हे. इंटरमीजिएटच्या खोल नक्षीचं काम त्यांना जमत नाही.

६९ व्या फेरीत व्हेटेलनं हॅमिल्टनला मागे टाकलं, हॅमिल्टन सहावा झाला. इथे बहुतेकांची नजर व्हेटेलवर खिळली आणि ग्लॉककडे कुणी पाहिलं नाही. ग्लॉकची ७० वी फेरी १ मिनिट २८ सेकंदांची होती, शेवटची १ मिनिट ४४ सेकंदांहून अधिक. थंड कोरड्या टायरवर ओल्या रस्त्यात गाडी सरळ ठेवणं हेच काम उरलं होतं. अखेरच्या चढावर निघण्याआधीच्या जुंकाओ वळणाजवळ आधी व्हेटेल आणि मग हॅमिल्टन त्याला ओलांडून गेले, आणि हॅमिल्टन पाचवा येऊन विजेता झाला. रेषेवर ग्लॉक हॅमिल्टनच्या साधारण साडेपाच सेकंद मागे होता. शंका असेल तर ट्रुलीची शेवटची फेरी बघा, तीही जवळपास तितकीच संथ. ट्रुलीला तर कुणाला वाट द्यायची नव्हती.

२०१० मध्ये अलोन्सोची फेरारी पेत्रोव्हच्या रेनोला चाळीस फेऱ्या ओलांडू शकली नाही. एवढी गाडी हळू होती का? (औरंगाबाद)

गाडी हळू नव्हती, ती चुकीच्या जागी नेऊन ठेवली होती.

अबू धाबीच्या त्या शर्यतीआधी अलोन्सो २४६, वेबर २३८, व्हेटेल २३१, हॅमिल्टन २२२. व्हेटेल जिंकला तर अलोन्सोला चौथा क्रमांक हवा होता. पहिल्याच फेरीत मायकेल शूमाखर आणि लिउझी धडकले, सेफ्टी कार आली, आणि मागच्या रोझबर्ग, पेत्रोव्ह वगैरेंनी लगेच आत जाऊन टायर बदलले. त्या वेळचे ब्रिजस्टोनचे कडक टायर उरलेलं जवळजवळ सगळं अंतर टिकणार होते आणि इंधन भरायला त्या वर्षीपासून बंदी होती. म्हणजे पेत्रोव्हला पुन्हा थांबायचंच नव्हतं.

११ व्या फेरीत वेबर आत गेला. गुणतक्त्यात तोच सर्वात जवळ, म्हणून फेरारीनं १५ व्या फेरीत अलोन्सोला बोलावलं. वेबर मागे राहिला खरा, पण अलोन्सो पेत्रोव्हच्या मागे बाहेर पडला. गुणतक्ता बघून निर्णय घेतला, ट्रॅकवर बाहेर पडायची जागा मोकळी आहे का हे बघितलं नाही. मुख्य धोका तर सगळ्यात पुढे मोकळ्या हवेत पळणारा व्हेटेल होता.

आता ओलांडता का आलं नाही? पुढच्या गाडीमागची हवा ढवळलेली असते, त्यामुळे मागच्या गाडीचा पुढचा पंख हवा तेवढा दाब देत नाही आणि वळणात पुढची चाकं घसरतात. अबू धाबीच्या तेव्हाच्या यास मरिना ट्रॅकवर लांब सरळ रस्त्यांआधी अरुंद, संथ वळणं होती. तिथून बाहेर पडताना अलोन्सो एकदा दोन-तीन गाड्यांइतका मागे पडला, की ब्रेकिंगपर्यंत अंतर भरत नसे. रेनोचा सरळ वेग चांगला होता, सरळ रस्त्यावर वेग वाढवणारा एफ-डक्टही होता. आणि मागचा पंख उघडणारी डीआरएस आली ती पुढल्या वर्षी, २०११ ला. अलोन्सो सातवा, व्हेटेल २५६ गुणांसह विजेता, अलोन्सो २५२. यास मरिनाचा नकाशा २०२१ मध्ये बदलला तो असल्याच तक्रारींमुळे : २१ वळणांची १६ झाली आणि पाचव्या वळणाला मोठी हेअरपिन (जवळजवळ उलट फिरवणारं वळण) आली.

संघातल्या दुसऱ्या चालकानं मदत करणं कायदेशीर आहे का? (ठाणे)

आज आहे. २००२ च्या मोसमानंतर संघाच्या आदेशांवर बंदी आली होती. २०१० मध्ये हॉकेनहाइमला मासानं अलोन्सोला वाट दिल्यावर फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला आणि २०११ पासून बंदीच उठली. २०२१ मध्ये सर्जिओ पेरेझनं जुन्या टायरवर हॅमिल्टनला अडवून वेरस्टॅपनला कित्येक सेकंद मिळवून दिले, ते नियमात बसणारं होतं. २०२५ मध्ये वेरस्टॅपनचा सहकारी त्सुनोडानं नॉरिसला अडवताना सरळ रस्त्यावर एकाहून अधिक वेळा दिशा बदलली, त्याला पाच सेकंदांचा दंड झाला. अडवायला हरकत नाही, नागमोडी जायला आहे.

आणि सरळ धडक मारली तर? (बेळगाव)

१९९४ मध्ये ॲडलेडला शूमाखर आणि डेमन हिल ३६ व्या फेरीत धडकले, दोघेही बाद, शूमाखर ९२-९१ नं विजेता, शिक्षा नाही. १९९७ मध्ये हेरेझला शूमाखरनं ४८ व्या फेरीत विलनव्हवर गाडी घातली, स्वतःच खडीत रुतला, विलनव्ह तिसरा येऊन विजेता झाला आणि शूमाखरचं नाव त्या मोसमाच्या गुणतक्त्यातून काढून टाकलं.

घरी टीव्हीवर बघताना कोण जिंकतंय हे कळतच नाही. हिशेब कसा ठेवावा? (रत्नागिरी)

अबू धाबीची शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. त्याआधी दहा मिनिटं कागद घेऊन बसा. ७ डिसेंबर २०२५ चं उदाहरण घेऊ : नॉरिस ४०८, वेरस्टॅपन ३९६, पिआस्त्री ३९२. गुण २५-१८-१५-१२-१०-८-६-४-२-१. सर्वात वेगवान फेरीचा जादा गुण २०२५ पासून बंद आहे, जुन्या सवयीनं तो धरू नका.

आव्हानवीर जिंकला असं समजून त्याचे गुण आधी मांडा. वेरस्टॅपन ३९६ + २५ = ४२१. नॉरिस तिसरा तर ४२३, चौथा तर ४२०. म्हणजे त्याला तिसरी जागा हवीच. पिआस्त्री जिंकला तर ४१७, मग नॉरिसला पाचवी जागाही (४१८) पुरते. झालं तसंच : वेरस्टॅपन पहिला, पिआस्त्री दुसरा, नॉरिस तिसरा.

मग प्रत्येकाच्या नावापुढे टायरचा प्रकार आणि तो चढवल्याची फेरी लिहा. कोरड्या शर्यतीत दोन वेगळे प्रकार वापरणं बंधनकारक असतं, त्यामुळे जो पुढे आहे पण थांबलेला नाही, त्याच्या आघाडीतून एका पिटस्टॉपचे साधारण २० ते २२ सेकंद मनातल्या मनात वजा धरा. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपला चालक आत गेला, की तो बाहेर कुणाच्या पुढे-मागे येईल ते त्याच्या मागच्या २२ सेकंदांत कोण आहे यावरून आधीच कळतं. तिथे न थांबणारी संथ गाडी दिसली तर समजा २०१० चा पेत्रोव्ह आला.

पाच सेकंदांचा दंड पिटमध्ये थांबून फेडला नसेल तर तो शेवटच्या वेळेत मिळवतात, त्यामुळे रेषेवरचा क्रम आणि निकालाचा क्रम वेगळा असू शकतो. तेवढी बेरीज करूनच मग घरच्यांना निकाल सांगा.