गावात मोबाइल बूस्टर लागल्यापासून चार काड्या दिसूनही कॉल लागत नाही. कारण काय, आणि तक्रार कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की अंबाजोगाई तालुक्यातल्या तुमच्या गावात चौकातल्या पत्र्याच्या दुकानावर ऑनलाइन मागवलेला बूस्टर (मोबाइलचा सिग्नल वाढवणारं यंत्र) बसला. तेव्हापासून चार काड्या असूनही कॉल लागत नाही, आणि लागला तरी आपला आवाज पलीकडे तुटत जातो. हे बूस्टरमुळेच होतंय हा तुमचा संशय बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. टॉवरचं बोलणं तुमच्यापर्यंत येतंय, पण टॉवरला तुमचं ऐकू येत नाहीये.

फोनवरच्या काड्या फक्त टॉवरकडून येणारा सिग्नल मोजतात. ९०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये (वारंवारतेच्या पट्ट्यात) टॉवर ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि फोन ८९० ते ९१५ वर. फोन ४जी वर जास्तीत जास्त २०० मिलीवॅटने बोलतो, टू-जी वर दोन वॅटने. एवढासा आवाज काही किलोमीटरवरून टिपायचा म्हणून टॉवरचा रिसीव्हर अतिशय हळवा असतो. २०० किलोहर्ट्झच्या एका टू-जी चॅनलमध्ये त्याला उणे ११८ डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, दर १० ला दहा पट) आसपासचा मूळ गोंगाट असतो. फोनचा आवाज त्याच्या वर राहिला पाहिजे.

आता बूस्टर काय करतो ते बघा. पत्र्यावर यागी (एका दिशेला रोखलेला, आडव्या काड्यांचा) अँटेना, मधे अ‍ॅम्प्लिफायर, दुकानात छोटा अँटेना. अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही दिशांचा सिग्नल वाढवतो. ६० डीबी गेन (वाढ) म्हणजे दहा लाख पट. अशा यंत्रात बाहेरच्या आणि आतल्या अँटेनात गेनपेक्षा निदान १५ डीबी जास्त, म्हणजे ७५ डीबीची तोड (एकातून दुसऱ्यात जाताना सिग्नलची घट) लागते. ९०० मेगाहर्ट्झला चार मीटर मोकळ्या हवेत जेमतेम ४४ डीबी घट होते. बाकीची पत्र्यानं, भिंतीनं आणि अँटेनांच्या तोंडाच्या दिशेनं भरून काढायची असते. वायर तोकडी आणि पत्र्याला फटी असतील तर ती भरून निघत नाही. मग आतला सिग्नल बाहेरच्या अँटेनात परत शिरतो आणि भजनात माइक स्पीकरसमोर आल्यावर जशी शिट्टी सुरू होते तसं यंत्र स्वतःच गायला लागतं. ते पूर्ण ताकदीनं, सतत, आणि यागी टॉवरकडे रोखलेली असल्यामुळे थेट टॉवरच्या कानात.

आकडा मांडून बघा: बूस्टरचे १०० मिलीवॅट म्हणजे २० डीबीएम, त्यात यागीचे १० आणि टॉवरच्या अँटेनाचे १७ मिळवा, वाटेतली ११० डीबी घट वजा करा. टॉवरवर उणे ६३ डीबीएम पोचतं. मूळ गोंगाटाच्या वर ५५ डीबी, म्हणजे तीन लाख पट. ही शिट्टी यंत्र तापेल तशी वारंवारता बदलत सरकते, म्हणून कधी याचा कॉल तुटतो, कधी त्याचा. शिवाय स्वस्त बूस्टरला एका कंपनीपुरता फिल्टर नसतो. तो पूर्ण २५ मेगाहर्ट्झ उचलतो, त्यामुळे ज्या कंपनीसाठी घेतला तिच्याबरोबर इतरांनाही त्रास होतो. टॉवर अगदी जवळ असेल तर शिट्टी न वाजताही बूस्टरचा नुसता गोंगाट त्रास देतो. दुकानदाराला मात्र यातलं काही दिसत नाही, त्याच्या काड्या वाढलेल्याच असतात. त्यानं मुद्दाम केलं असं धरू नका.

तक्रारीआधी खात्री करा, कारण टॉवरवर गर्दी असली तरीही असंच होतं. गर्दी संध्याकाळी वाढते आणि पहाटे तीनला नसते. बूस्टर चालू असेल तोवर त्रास राहतो. सगळ्यात पक्की खूण लाइट गेल्यावर मिळते. टॉवरला बॅटरी असते, दुकानातल्या बूस्टरला बहुधा नसते. लाइट जाताच कॉल नीट लागायला लागले आणि आल्यावर पुन्हा बिघडले, हे तीन-चार वेळा दिसलं तर शंका उरत नाही. मात्र दुकानात इन्व्हर्टर आहे का ते आधी बघा. अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* दाबलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो (काही फोनमध्ये हा कोड चालत नाही). ४जी ला उणे ८५ सारखा चांगला आकडा असून अपलोड रेंगाळत असेल तर टॉवरच्या कानातच बिघाड आहे. तारीख, वेळ, जागा, कंपनी, लाइट होती की नव्हती, हे वहीत मांडा.

आधी दुकानदाराशी बोला. जमलं नाही तर आपापल्या कंपनीच्या १९८ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ‘रेंज नाही’ असं सांगू नका, तसं सांगितलं की ती कव्हरेजच्या ढिगात जाते. ‘रेंज आहे, अपलिंकमध्ये इंटरफेरन्सचा संशय आहे’ (म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये गोंधळ) असंच लिहायला लावा. कंपनीच्या इंजिनिअरला टॉवरच्या त्या सेक्टरचा (एका दिशेच्या भागाचा) वाढलेला गोंगाट कार्यालयात बसून दिसतो. टॉवरला साधारण १२० अंशांचे तीन सेक्टर असतात, त्यामुळे कोणता सेक्टर बिघडला यावरून दिशाही कळते. मग स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कोणत्या वारंवारतेवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) आणि हातातला अँटेना घेऊन बूस्टरचं ठिकाण गाठता येतं. कंपनीनं हलवलं नाही तर तिच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा आणि सरकारच्या सीपीग्रॅम्स या तक्रारींच्या पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे तक्रार टाका.

देशात वारंवारता वाटून देण्याचं काम दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा १९५२ पासून करते. हवेतला गोंधळ शोधण्याचं काम वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं. उपग्रहांच्या सिग्नलवर नजर ठेवणारं तिचं भूकेंद्र आपल्या जालन्यातच आहे. जमिनीवरचा बूस्टर शोधायला मात्र त्यांचं वेगळं पथक येतं. परवान्याशिवाय रेडिओ यंत्र जवळ बाळगायला १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं बंदी होती, आणि २०२३ चा दूरसंचार कायदाही परवानगी मागतोच. जुलै २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं जाहीर सूचना काढली: परवानाधारक कंपन्यांशिवाय कुणीही बूस्टर बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो, असं नाही.

दुकानदाराची अडचण खरी आहे, पत्र्याच्या आत रेंज मरतेच. माळवदाच्या जाड भिंतींतही तेच होतं. गावात फायबर आलं असेल तर वाय-फाय कॉलिंग हा सगळ्यात स्वस्त उपाय. नसेल तर बाहेर बसवायचा, मान्यताप्राप्त सिमवाला ४जी राउटर घ्यावा. तो टॉवरच्या नजरेत साधा फोनच असतो, टॉवर सांगेल तेवढ्याच ताकदीनं बोलतो, आणि आत वाय-फाय देतो. मोठी जागा असेल तर कंपनीकडून तिचा स्वतःचा रिपीटर (कंपनीनंच बसवलेला बूस्टर) मागता येतो.

बूस्टर काढताना आधी अ‍ॅडॉप्टर काढायचा, मग अँटेनाच्या वायरी. चालू यंत्राची बाहेरची वायर सोडली तर मोकळ्या टोकातून सिग्नल गळून शिट्टी आणखी वाढू शकते.