दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउट (रात्री सगळे दिवे बंद) असूनही जर्मन विमानांना रात्री इंग्लंडमधली शहरं कशी सापडायची?

रेडिओच्या किरणांवरून. ‘क्निकेबाइन’ पद्धतीत वैमानिकाच्या कानात मार्गाच्या एका बाजूला टिंबं, दुसऱ्या बाजूला रेघा वाजायच्या. सलग सूर लागला की विमान बरोबर रेषेत. दुसरा किरण आडवा आला की बॉम्ब सोडायचे. आर. व्ही. जोन्स या तरुण शास्त्रज्ञाने १९४० च्या जूनमध्ये हे ओळखलं आणि ब्रिटिशांनी त्यात गोंधळ घालायला सुरुवात केली. मग जर्मनांनी जास्त अचूक ‘एक्स-गेरेट’ हे किरणांवरच चालणारं यंत्र वापरलं. १४ नोव्हेंबर १९४० ला कॉव्हेंट्री शहरावर आधी याच यंत्राच्या मदतीने आग लावणारे बॉम्ब पडले, मागून येणाऱ्या विमानांना ती आगच दिसत होती. ब्रिटिशांचे जॅमर (किरणांत अडथळा आणणारी यंत्रं) चालू होते, पण सूर चुकीचा लावलेला! बाकी, त्या रात्री चांदणंही लख्ख होतं.