मॅन्युअल गाडीचं गिअर ऑइल घरच्या घरी बदलता येतं का? कोणतं ऑइल घालावं?

तुम्ही विचारलंय: दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किलोमीटर झालेत, सकाळी पहिला आणि रिव्हर्स गिअर जड पडतो, गॅरेजवाला म्हणतो गिअर ऑइल बदला. ते घरी जमेल का आणि कोणतं ऑइल आणायचं?

जमेल. इंजिन ऑइल स्वतः बदलत असाल तर नक्कीच जमेल, कारण इथे बहुतेक गाड्यांत फिल्टरही बदलायचा नसतो. एक बोल्ट उघडून जुनं काढायचं, दुसऱ्या भोकातून नवं भरायचं. नुकसान होतं ते बहुधा दुकानात, ऑइल निवडताना. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच लिहितोय.

पण बाटली विकत घ्यायच्या आधी दोन मिनिटांची एक तपासणी करा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, गाडी जागेवरच ठेवून तेच करा. बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर सगळेच जड होतात, असं असेल तर संशय क्लचवर घ्या. क्लच पूर्ण सुटत नसेल, केबल सैल झाली असेल किंवा हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली असेल. आणखी खात्री हवी असेल तर क्लच तळापर्यंत दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि मग हळूच रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खर्र आवाज आला तर क्लच ओढतोय, नवं ऑइल काही करणार नाही. याउलट चालत्या गाडीत एकच गिअर, बहुतेकदा दुसरा, खरखरत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर टाकताना आतल्या भागांची गती जुळवणारी कडी) झिजलेली असू शकते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बहुधा इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलेलं असतं. ऑइल बदलून झिजलेला धातू भरून येत नाही. तुमच्यासारखं सकाळी थंडीत जड आणि गाडी तापली की मोकळं, असं असेल तर मात्र ऑइल जुनं, जास्त दाट किंवा चुकीचं असण्याची शक्यता बरीच आहे.

आता ऑइल. चालत्या गाडीत दुसरा गिअर टाकता तेव्हा आत वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकायचे असतात. त्याआधी दोघांची गती जुळावी लागते. ते काम सिंक्रो रिंग करते, आणि ही रिंग बऱ्याच गाड्यांत पितळेची असते. ती गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घासते, आणि त्या घर्षणाने गती जुळते. म्हणजे एकाच ऑइलकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. दातांवर घसरण हवी, रिंगवर पकड हवी.

बाटलीवर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं, हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-५ हे मुख्यतः मागच्या डिफरन्शिअलमधल्या (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीतल्या) हायपॉइड प्रकारच्या गिअरांसाठी आहे. तिथे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर सरकत घासतात, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. हीच रसायनं पितळेच्या रिंगला नकोशी आहेत. तापलेल्या ऑइलमधलं गंधक पितळेवर हल्ला करतं, आणि रिंगला हवी ती पकडही मिळत नाही. नव्या प्रकारच्या जीएल-५ ऑइलांत पहिला त्रास कमी केलेला असतो, दुसरा राहतोच. दुकानदार ‘५ आहे, ४ पेक्षा चांगलं’ म्हणून पुढे करतील, तर घेऊ नका. गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे माहितीपुस्तकात, जीएल-४ असेल तर जीएल-४ च घ्या.

स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन, पोलो अशा पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच घरात असतात आणि दोघांना एकच ऑइल पुरतं, कारण तिथे हायपॉइड गिअर नसतात. बोलेरोसारख्या मागच्या चाकांच्या गाडीत दोन्ही वेगळे. तिथे डिफरन्शिअलचं ऑइल निराळं असतं, त्याची बाटली गिअरबॉक्समध्ये ओतू नका. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप टाकणाऱ्या) गाडीतही खाली मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, पण काही एएमटींत गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं असतं. त्या यंत्रणेचं वरचं डबडं घरी उघडू नका.

दाटपणा मॅन्युअल सांगेल तोच: कुठे ७५डब्ल्यू-८०, कुठे ७५डब्ल्यू-९०. होंडासारखी कंपनी स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास ऑइल) सांगते, तिथे तेच घ्या. काउंटरवर ‘ईपी ९०’ मागितलंत की हाताला लागेल ते मिळतं, आणि ईपी (म्हणजे जास्त दाब सोसणारं) एवढ्यावरून ते जीएल-४ की जीएल-५ हे कळत नाही. आणि ९० हा आकडा बघून घाबरू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. गिअरचं ९० हे साधारण इंजिन ऑइलच्या ४० ते ५० इतकंच दाट असतं. छोट्या गाड्यांना बहुधा दीड ते अडीच लिटर लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि थोडं जास्तच आणा.

गाडीखाली जायच्या आधी: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी स्टँड लागतात. विटा किंवा लाकडी ठोकळे चालणार नाहीत. वीट दाबाखाली अचानक फुटते. सोसायटीचं पार्किंग उताराचं असेल, तर हे काम तिथे करूच नका. सपाट काँक्रीट, चाकांना अडण्या, हँडब्रेक, आणि आत सरकण्याआधी गाडीला बाजूने जोरात ढकलून बघणं, इतकं झालंच पाहिजे. हे जमण्यासारखं नसेल तर ऑइल तुम्ही आणा आणि गॅरेजच्या खड्ड्यावर उभं राहून काम करून घ्या. त्यातही अर्धं यश आहे, कारण ऑइल बरोबर असल्याची खात्री तुमची असेल.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल आणि तळाशी बसलेलं बारीक लोखंडही त्याच्यासोबत बाहेर येईल. लगेच हात घालू नका, सायलेन्सरचा पाइप जवळच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम: आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. वर्षानुवर्षं न हललेला भरायचा बोल्ट कधी कधी सुटतच नाही. खालचं ऑइल सांडून बसलात आणि वरचा बोल्ट अडकला, तर गाडी हलवता येणार नाही, टो करूनच न्यावी लागेल. वरचा आधी सुटला की निम्मं काम झालं. पाना बरोबर मापाचाच हवा. कुठे बोल्टला बाहेरून षटकोनी डोकं असतं, कुठे आत चौकोनी खाच, कुठे ॲलन की लागते. सैल पान्याने डोकं गोल केलंत तर मग गॅरेजला जाण्यावाचून इलाज नाही.

आणि बोल्ट नीट ओळखा. गिअरबॉक्सच्या अंगावर बरेच बोल्ट असतात. काहींच्या मागे स्प्रिंग आणि छोटी गोळी असते, जी गिअर जागेवर धरते. काही रिव्हर्सच्या शाफ्टला धरून ठेवतात. तो बोल्ट उघडलात तर आतला भाग जागचा हलेल आणि गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येऊ शकते. शिवाय इंजिन ऑइलचा बोल्टही जवळच असतो, लोक तोच उघडून इंजिन रिकामं करतात. तुमच्याच मॉडेलचं चित्र समोर ठेवा आणि बोल्टवर खडूने खूण करून मगच पाना लावा.

खालचा बोल्ट सुटला की धार थेट खाली न पडता तिरकी उडते, म्हणून परात थोडी पुढे सरकवून ठेवा. वास उग्र असतो, कुजक्या गंधकाचा, आणि कपड्यांना लागला तर धुतल्यावरही राहतो. जुने कपडे घाला. पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्या.

मधल्या वेळात बोल्टचं टोक बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे लोहचुंबक असतो आणि त्यावर करडा चिखल जमलेला असतो. बोटांत चोळल्यावर तो मऊ, गुळगुळीत लागला तर नेहमीची झीज आहे, काळजी नको. टोचणारे कण, चकाकणारे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर गाडी चालवत राहू नका, गिअरबॉक्स उघडून दाखवा. ऑइलमध्ये पितळी चकाकी दिसली तर रिंग झिजतायत. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. महाराष्ट्रात हे नीट बघाच. गिअरबॉक्सला हवा ये-जा करण्यासाठी छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स पुराच्या पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये चिपळूणला गाड्या अशा पाण्यात उभ्या होत्या. तुमची गाडी कधी चाकाच्या मध्याच्या वर पाण्यात गेली असेल, तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. दुधाळ निघालं तर नवं घालून थोडी चालवून पुन्हा एकदा बदला.

खालचा बोल्ट लावताना वॉशर नवा टाका. काही गाड्यांत वॉशर नसून आट्यांना सीलंट लावतात, ते मॅन्युअलमध्ये बघा. गिअरबॉक्सचं घर ॲल्युमिनिअमचं असतं. बोल्ट आधी हातानेच फिरवत न्या, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराच्या मापाला, घट्ट करा. लांब पाइप लावून ताकद काढाल तर आटे जातील, आणि ॲल्युमिनिअमचे आटे गेले तर खर्च ऑइलच्या कितीतरी पट.

भरायला जागा अडचणीची असते. बाटली तिथे पोचत नाही. बॉनेटमधून खालपर्यंत जाईल इतकी पारदर्शक नळी घ्या, वर नरसाळं, खाली टोक भोकात. थंड गिअर ऑइल काकवीसारखं उतरतं, म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा आणि घाई करू नका. भरायचं भोकच बऱ्याच गाड्यांत पातळी दाखवतं: ऑइल काठाशी येऊन बाहेर पाझरू लागलं की थांबायचं. पण हे खरं कधी, तर गाडी सपाट असेल तेव्हाच. फक्त पुढून उचललेल्या गाडीत ही पातळी फसवी असते. चारही बाजूंनी सारखी उचला, नाहीतर मोजून भरा आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर पुन्हा बघा. जास्त भरलं तर फेस होऊन ऑइल सीलमधून वाट काढतं, कमी भरलं तर सर्वांत आधी टोकाला असलेल्या पाचव्या गिअरला आणि त्याच्या बेअरिंगला झळ बसते. काढलेलं जुनं ऑइलही मोजा. ते बरंच कमी निघालं तर कुठून तरी गळतंय: दोन्ही ॲक्सलच्या सीलपाशी ओल आहे का बघा.

मग गाडी चालवून सगळे गिअर टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पुठ्ठा टाकून ठिबक तपासा. तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहा. पुढचा बदल मॅन्युअल सांगेल तेव्हा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे ४० हजारांपासून १ लाखापर्यंत असतात. काही कंपन्या ‘बदलायची गरज नाही’ म्हणतात, माझ्या मते गाडी दहा-पंधरा वर्षं ठेवायची असेल तर ते मानू नये.

जुनं ऑइल गटारात, मातीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. जळकं ऑइल म्हणून लाकडाला वाळवी लागू नये यासाठी ते मागणारे भेटतील, त्यांनाही देऊ नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. त्याच रिकाम्या बाटल्यांत भरून, वर ‘जुनं गिअर ऑइल’ लिहून, ज्या गॅरेजकडून ते अधिकृत रिसायकलिंगला जातं तिथे नेऊन द्या.